दुसऱ्या मुलासाठी धडपडताना: कोणती तपासणी आधी, कोणती नंतर

पहिल्या वेळी लग्नानंतर सहा महिन्यांत दिवस राहिले होते. त्यामुळे दुसऱ्याच्या वेळी आम्ही दोन वर्षं नुसती वाट बघितली, आणि पुढची पावणेदोन वर्षं उलट्या क्रमाने तपासण्या केल्या. आता बेळगावच्या शहापूर-वडगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंतच्या ओळखीच्या, ओळखीतल्या ओळखीच्या बायका फोन करतात आणि बहुतेकींची गाडी तिथेच अडकलेली असते. बायकोची सोनोग्राफी चारदा झालेली, नवऱ्याची तपासणी एकदाही नाही. फाइल अर्धी बेळगावात, अर्धी कोल्हापुरात. घरी सासूबाई म्हणतात, "एक हाय की, दुसरं बी हुईल की." पहिलं झालंय म्हणजे सगळं ठीक आहे, हे डॉक्टरांच्या केबिनमध्येही ऐकायला मिळतं. मधल्या चार-पाच वर्षांत वय वाढलेलं असतं, कदाचित सिझर झालेलं असतं, वजन बदललेलं असतं, नवऱ्याचं काम बदललेलं असतं, याचा हिशेब कुणी करत नाही.

म्हणून क्रम लिहून काढते. औषधांचे डोस यात नाहीत, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

## १. वर्ष कधीपासून मोजायचं

बाईचं वय ३५ च्या आत असेल, तर कुठलंही गर्भनिरोधक साधन न वापरता एक वर्ष प्रयत्न करायचा, मग तपासणी. ३५ च्या पुढे सहा महिने. चाळिशी गाठली असेल तर वाट न बघता थेट तपासणी.

चूक होते ती मोजणी कुठून सुरू करायची यात. तीन महिन्यांनी मिळणारं सरकारी ‘अंतरा’ इंजेक्शन घेत असाल, तर शेवटच्या इंजेक्शननंतर बीज पुन्हा सुटायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. ‘इंजेक्शन बंद करून सहा महिने झाले, अजून काहीच नाही’ म्हणून रडणाऱ्या बाईला आधी हे सांगावं लागतं. कॉपर-टी काढल्यावर मात्र असं थांबावं लागत नाही. बाळ अंगावर पीत असेल आणि पाळी नियमित झालेली नसेल, तर तेही लक्षात घ्या.

तपासून बघा: कॉपर-टी खरंच निघालेली आहे का? प्रसूतीनंतर लगेच, त्याच टेबलावर ती बसवतात. संमतीच्या कागदावर सही झालेली असते, पण कळांच्या गडबडीत बाईच्या लक्षातच राहत नाही. माझ्या नात्यातल्या एकीने दीड वर्ष उपास केले, नवस बोलली, आणि सोनोग्राफीत तांब्याची तार दिसली.

थांबू नका: पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, दोनदा गर्भ पडला असेल, पिशवी साफ केली असेल, आधी टीबी झाला असेल, पाळीत अंथरुणातून उठवत नाही इतकं दुखत असेल किंवा नवऱ्याचं जननेंद्रियाच्या भागाचं ऑपरेशन झालं असेल, तर वर्षाचा नियम सोडा आणि आत्ताच जा.

## २. जुने कागद शोधा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावात आणि माहेर चंदगड, आजरा किंवा गडहिंग्लजला असेल, तर डिस्चार्ज कार्ड आईच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली सापडेल. कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं असेल तर तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं आईचं कार्ड) असेल. दोन्ही शोधा. पहिल्या भेटीला जाताना नव्या रिपोर्टपेक्षा हे कागद जास्त कामाला येतात.

त्यात बघायच्या गोष्टी: सिझर झालं का आणि का झालं. नंतर ताप आला होता का. वार हाताने काढावी लागली का, पिशवी साफ केली का. अशा वेळी पिशवीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटू शकतात आणि त्याची खूण म्हणजे पूर्वीपेक्षा एकदम कमी झालेली पाळी. खूप रक्त जाऊन बाटल्या चढवल्या होत्या का. तसं झालं असेल, नंतर दूधही आलं नसेल आणि पाळीही परतली नसेल, तर हे आवर्जून सांगा, कारण मेंदूतल्या ग्रंथीला धक्का बसलेला असू शकतो. रक्तगट निगेटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गर्भाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिल्याची नोंद शोधा. गरोदरपणी साखर, बीपी, थायरॉइड होतं का तेही पाहा.

कागद सापडत नसतील तर दवाखान्यात लेखी अर्ज द्या. दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. पहिलं मूल शाळेत जायला लागलं असेल तर ती तीन वर्षं उलटलेली असतात, तरी विचारायला काय जातं.

मग एकच फाइल करा, तारखेप्रमाणे. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये. बेळगावहून कोल्हापूर, तिथून मिरज, मग कुणी सांगितलं म्हणून हुबळी, असं फिरताना फाइल फुटली की प्रत्येक ठिकाणी त्याच तपासण्या नव्याने होतात आणि त्याचे पैसे तुम्ही भरता.

सावधान: संमतीपत्र कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर मराठीत समजावून मागा. इंग्रजी प्रत असते, तीही मागा. यात भाषेचं राजकारण काही नाही. नर्सबाईंना सरळ सांगितलं की बहुतेक वेळा त्याच वाचून दाखवतात. न वाचता सही केलेला एक कागद माझ्याही फाइलीत आहे.

## ३. दिवस मोजा, आणि नवरा घरी कधी असतो तेही

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने खुणा करा. पहिला दिवस म्हणजे नीट रक्त जायला लागतं तो. आदल्या दिवशीचा डाग धरायचा नाही.

‘चौदाव्या दिवशी’ हे सगळ्यांना पाठ आहे आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदावा दिवस बरोबर येतो. ३५ दिवसांची असेल तर बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटतं, आणि चौदाव्याच्या आसपास सगळं उरकून मोकळी झालेली जोडपी दर महिन्याला गाडी चुकवतात. संधी असते ती बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस. या काळात एक दिवसाआड संबंध पुरे. शुक्रजंतू ‘साठवून’ एकाच दिवसाची वाट बघायची गरज नाही.

आता दुसऱ्या मुलाच्या वेळची खरी अडचण. मोठं पोर दोघांच्या मधे झोपलेलं असतं. नवरा उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळीला. खानापूरकडचे कितीतरी जण गोव्यात कामाला आहेत, काही पुण्यात, आणि घरी येतात पंधरा दिवसांनी, शनिवारी रात्री. महिन्यातले चार दिवस एकत्र, आणि त्यातलाही एक हळदीकुंकवात नाहीतर वास्तुशांतीत. ‘वर्षभर प्रयत्न करतोय’ म्हणणाऱ्या एका जोडप्याचं कॅलेंडर आम्ही बसून तपासलं, तेव्हा योग्य दिवसांत दोघं एका गावात असल्याचे बारा महिन्यांत तीनच महिने निघाले. त्यांना औषध नको होतं, सुट्टी हवी होती. त्यामुळे कॅलेंडरवर पाळीच्या खुणेशेजारी नवरा घरी असल्याचीही खूण करा. डॉक्टर हे विचारतीलच असं नाही.

पाळी पुढेमागे होत असेल, तर औषधाच्या दुकानात लघवीवर बीज सुटण्याचा अंदाज देणाऱ्या पट्ट्या मिळतात. पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी लांबण्याचा त्रास) असेल तर त्या फसवतात, तेव्हा सोनोग्राफीवरच भिस्त ठेवा.

याच टप्प्यावर फॉलिक ॲसिडची गोळी विचारून सुरू करा. साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि दिवस राहण्याआधीपासून. पाळी चुकल्यावर सुरू करणं म्हणजे उशीर.

## ४. नवऱ्याची तपासणी, सगळ्यांत आधी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आमचे चौदा महिने इथे गेले.

"पहिलं माझंच आहे की, मग मला कशाला तपासणी?" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आजचा वीर्याचा नमुना गेल्या अडीच महिन्यांची हकीकत सांगतो, पाच वर्षांपूर्वीची नाही. मधे साखर लागली असेल, वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, गुटखा वाढला असेल, फाउंड्रीत भट्टीसमोरचं काम लागलं असेल, उसावर फवारणी करताना हातमोजे-मास्क वापरत नसतील, तर फरक पडू शकतो. जिममध्ये अंग भरण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्रजंतूंचं उत्पादनच बंद पाडतात. घरच्यांसमोर नको, पण डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

तपासणी स्वस्त आहे, सुई नाही, दुखत नाही. तरी ती शेवटी होते आणि बायकोची दुखणारी तपासणी आधी.

नमुना देण्याची पद्धत:

१. आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. पंधरा दिवस थांबल्याने रिपोर्ट सुधारत नाही, हालचाल उलट कमी दिसते.

२. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरी घेतलाच तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचायला हवा आणि अंगाच्या उबेला राहायला हवा. नंदगड किंवा निपाणीहून डबी पिशवीत टाकून बसने बेळगावला आणली, तर तो रिपोर्ट कशालाच उपयोगी नाही.

३. लॅबनेच दिलेली डबी वापरा. साधा निरोध, तेल, थुंकी काही नको.

४. नमुन्याचा पहिला थेंब सांडला तर लाजू नका, सांगा. सगळ्यांत जास्त शुक्रजंतू त्यातच असतात.

५. मागच्या तीन महिन्यांत जोराचा ताप, डेंगी, कावीळ झाली असेल तर फॉर्मवर लिहा.

रिपोर्टवर नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलेलं चालवून घेऊ नका, आकडे हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: एकूण नमुना १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, हालचाल करणारे ४२ टक्के, एकूणातले सरळ पुढे जाणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हा शेवटचा आकडा बघून पुरुष हादरतात. शंभरातले चारच चांगले? हो, चार पुरतात.

सावधान: एक रिपोर्ट वाईट आला म्हणून निष्कर्ष काढू नका. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करा. गुटखा-सिगारेट सोडल्याचा परिणामही तेवढ्याच काळाने दिसेल, आठवड्याने नाही. शुक्रजंतू अजिबात नाहीत असं आलं, तर मात्र तीन महिने बसू नका, मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा.

नवरा तयारच होत नसेल तर? आमच्याकडे माझ्या बोलण्याने काही झालं नाही. धाकट्या दिरांनी एकदा गाडीवर बसवून नेलं आणि येताना मिसळ खाऊन दोघं परत आले. कुणाचं कोण ऐकतं ते घरागणिक वेगळं असतं, तेवढा एक माणूस शोधा.

## ५. बायकोचं रक्त आणि सोनोग्राफी

हा टप्पा सोपा आहे. दिवस तेवढे पाळायचे.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच (बीज वाढवणारी आणि सोडवणारी हार्मोन्स) आणि आतून सोनोग्राफी. रक्तस्राव चालू असतानाच ती करतात, त्यामुळे ‘पाळी संपली की येते’ म्हणून परत फिरू नका. एएमएच (उरलेल्या बीजांचा अंदाज), टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन कुठल्याही दिवशी चालतं. प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन) सकाळी, शांत बसून. बाळाला पाजून लगेच दिलं तर आकडा वाढलेला येतो. पहिल्या वेळी साखर वाढली होती तर साखरेची तपासणी सोडू नका.

बीज सुटलं की नाही हे पाहणारं प्रोजेस्टेरॉन ‘एकविसाव्या दिवशी’ असं चिठ्ठीवर लिहितात. ते २८ दिवसांच्या पाळीचं गणित. पाळी ३५ दिवसांची असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी.

सिझर झालं असेल तर सोनोग्राफी करणाऱ्यांना टाक्याची जागा मुद्दाम बघायला सांगा. तिथे खाच पडून रक्त साचतं, पाळी संपल्यावरही आठवडाभर तपकिरी डाग जात राहतात. ‘सिझरनंतर असंच असतं’ म्हणून बायका ते सांगतच नाहीत.

एएमएच कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ नाही. बीजं किती उरली याचा तो अंदाज आहे. घाई करायला हवी, एवढं त्यातून कळतं.

## ६. नळ्यांचा एक्स-रे

पिशवीत औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहणारी ही तपासणी, एचएसजी. आधीचे दोन टप्पे झाल्याशिवाय करू नका. नवऱ्याच्या रिपोर्टवरून थेट आयव्हीएफचाच (लॅबमध्ये गर्भ तयार करून पिशवीत सोडण्याचा) सल्ला येणार असेल, तर हे दुखणं फुकट जाऊ शकतं.

कधी: रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर, बीज सुटण्याआधी, साधारण सातव्या ते दहाव्या दिवसात. पाळी आल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध नको. तारीख पाळीच्या पहिल्याच दिवशी फोन करून ठरवा. आठव्या दिवशी फोन केला आणि मधे रविवार आला की महिना गेला.

तयारी: डॉक्टरांनी सांगितलेली दुखण्याची गोळी तासभर आधी. आयोडीनच्या औषधाची ॲलर्जी असेल, अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर आधी सांगा. मोठ्या पोराला घरी ठेवून या आणि सोबत कुणीतरी आणा. एकटीने बस पकडून खानापूरला परत जायचा तो दिवस नाही. मी गेले होते, बसमध्ये उभी राहून.

दुखतं ते पाळीच्या जोरदार कळांसारखं, काही मिनिटं. नंतर एक-दोन दिवस थोडे डाग जातात. ताप आला, पोट दुखायचं थांबेना किंवा घाण वासाचा स्राव सुरू झाला, तर त्याच दिवशी दवाखाना.

फिल्म किंवा सीडी मागून घ्या, नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही. पिशवीला लागूनच नळी ‘बंद’ दिसत असेल, तर ती कळेमुळे आवळलेलीही असू शकते. त्या एका फोटोवर ऑपरेशन ठरवण्याआधी दुसरं मत घ्या. नळीत पाणी भरलेलं दिसलं, तर आयव्हीएफच्या आधी तिचं काय करायचं हे विचारा, कारण ते पाणी गर्भ टिकू देत नाही.

नळ्या बिघडण्यामागे आपल्या देशात टीबी हे मोठं कारण आहे, आणि खोकला नसतानाही तो पिशवीत असू शकतो. पण फक्त एक पीसीआर (जंतूचा अंश शोधणारा रिपोर्ट) पॉझिटिव्ह आला म्हणून कुणी सहा महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या, तर निदान आणखी कशावरून केलं हे विचारून मगच सुरू करा. टीबी असल्याचं ठरलं तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

## ७. उपचार आणि ठिकाण

बीज सुटत नसेल तर पाच दिवसांच्या गोळ्या आणि सोनोग्राफीवर लक्ष. शुक्रजंतू थोडे कमी असतील किंवा कारणच सापडत नसेल, तर आययूआय (शुक्रजंतू नळीने थेट पिशवीत सोडणं). दोन्ही नळ्या बंद असतील किंवा शुक्रजंतू फार कमी असतील, तर आयव्हीएफ. गोळ्या लिहून दिल्या आणि सोनोग्राफी एकदाही नाही, असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टर बदला. आययूआय तीन-चार वेळा होऊनही उपयोग झाला नाही, तर आठव्यांदा तेच करण्याआधी पुढचा विचार करा, पस्तिशीच्या पुढे तर नक्कीच.

ठिकाण ठरवताना अंतर आधी मोजा. दहा दिवसांत तीन-चार वेळा सोनोग्राफीला जावं लागतं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. मोठ्या सेंटरचं नाव ऐकून लांब जात असाल, तर सोनोग्राफी गावाजवळ आणि मुख्य प्रक्रिया तिकडे असं चालेल का, हे दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

वंध्यत्व उपचारांच्या २०२१ च्या कायद्यानुसार सेंटरची नोंदणी हवी. पहिल्या स्तराच्या केंद्रात फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. प्रमाणपत्र बघायला मागा. वयाची मर्यादा बाईला २१ ते ५०, पुरुषाला २१ ते ५५. सरोगसीचा (दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवण्याचा) मार्ग मात्र एक मूल हयात असलेल्या जोडप्याला, मूल गंभीर आजारी किंवा अपंग असल्यासारखे अपवाद सोडले तर, बंद आहे. दत्तक घ्यायला एका मुलाची अडचण नाही. नोंदणी फक्त ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेच्या सरकारी पोर्टलवर, ओळखीने किंवा परस्पर दवाखान्यातून नाही.

सावधान: पहिली मुलगी असेल तर कुणीतरी ‘मुलगाच होण्याचं’ औषध आणून देईल. मुलगा की मुलगी हे शुक्रजंतूवर ठरतं, बाईने घेतलेल्या पुडीवर नाही, आणि त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. लिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडेही आणि पलीकडेही.

## ८. घरात

सौंदत्तीला जायचं तर जा, ओटी भरायची तर भरा. फक्त देवाच्या तारखेसाठी तपासणीची तारीख पुढे ढकलू नका. बारशाला जायचं जिवावर आलं तर आहेर पाठवून द्या, सारखं सगळीकडे हसत जायची सक्ती नाही.

मोठ्या पोराला ‘देवाकडे भाऊ माग’ असं शिकवू नका. माझी लेक दोन वर्षं मागत होती आणि मग तिने मला विचारलं, मी नीट मागितलं नाही का. त्या दिवशी घरात सगळ्यांना सांगून ते बंद केलं.

पैसे आणि महिने किती घालायचे, हे उपचार सुरू होण्याआधी दोघांनी मिळून वहीत लिहा. मधे ठरवायला गेलं की प्रत्येक वेळी ‘आणखी एकदाच’ असं होतं.

## ९. पाळी चुकली तर

घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की पेढे आणण्याआधी दवाखान्यात कळवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी हवीच. नळी बिघडलेली असेल तर गर्भ नळीत, आणि आधी सिझर झालं असेल तर क्वचित टाक्याच्या जागी बसू शकतो. एका बाजूला पोटात कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, रक्त जाणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता रात्रीच निघा, १०८ ला फोन करा आणि फाइल सोबत घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तोंडीही सांगा.